हॉल रिकामाच होता, वसंता

वसंता,

परवा तुझ्या शोकसभेत मला दोन मिनिटं मिळाली होती. सूत्रसंचालन करणाऱ्या कामरेडनं आधीच कानात सांगितलं, "गुरुजी, दोनच मिनिटं हं. अन् देवाचं मधात नका आणू." मी उठलो, माईक धरला. समोर हार घातलेला तुझा फोटो. कुठल्या तरी अर्जावरचा काढून मोठा केलेला असणार, कारण त्यात तू फार शहाण्यासारखा दिसतोस. मी म्हणालो, "वसंतराव माझे बालमित्र होते. अत्यंत प्रामाणिक माणूस. त्यांची उणीव आपल्याला कायम जाणवेल." आणि बसलो.

वसंतराव! तिसरीपासून एका बाकावर बसलो आपण. मी तुला कधी वसंतराव म्हटलं होतं का रे? तू मला दान्या म्हणायचास. 'दानिएल' हे पूर्ण नाव तू फक्त भांडणात काढायचास, ते काढलंस की मला कळायचं, आता हा तासभर हलत नाही.

घरी आल्यापासून स्वतःचा राग राग येतोय. तुझाही येतोय. मागच्या बुधवारी बसस्टँडवर म्हणालास, "रविवारी येतो. तुया त्या पापाच्या मुद्द्याचं उत्तर सापडलं मले." आणि शनिवारी दुपारी जेवून पंख्याखाली बसलास तो बसल्या जागीच गेलास. हे काय वागणं झालं? चाळीस वर्षं मला एका मुद्द्यावर अडवलंस आणि उत्तर सापडलं म्हणून सांगून निघून गेलास. मी रविवारी उपासनेहून आल्यावर दोन कप चहाचं आधण ठेवायला सांगणार होतो घरी.

आपलं भांडण सुरू कधी झालं, हे तुला कधीच आठवायचं नाही. मला आठवतं. तू कॉलेजातून लाल कव्हराची पुस्तकं घेऊन मारेगावला परतला होतास आणि मी मिशनच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. माझ्या दारातल्या बाजेवर मांडी घालून तू विचारलंस, "दान्या, तुयी ते पहिली मंडळी, येशूच्या मागची. त्यायनं वावरं इकली, घरं इकली, सारं एका जागी आनलं अन् ज्याले जसं पायजे तसं वाटलं. खरं हाय ना?"

"खरं हाय."

"मंग तुमी लोकायनं बंद काहून केलं?"

मी म्हणालो, त्यांनी आपण होऊन दिलं होतं, कुणी हिसकावलं नव्हतं, तुमच्या-आमच्यात हाच फरक. तू म्हणालास, "दोन हजार वर्सं वाट पाह्यली, का लोक आपन होऊन देतीन. आता अजून किती पाहाची?" मी म्हणालो, "अन् जिथं हिसकून घेतलं तिथं काय झालं? मालक गेला अन् साहेब आला. बसले थे बसलेच, उभे थे उभेच." त्यावर तू चूप झालास. तुझं चूप होणं मला नेहमी जिंकल्यासारखं वाटायचं. आता वाटतं, तू विचार करत असायचास, आणि मी नुसता जिंकत असायचो.

माझा मुद्दा तुला पाठ होता. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला आहे, म्हणून कुणी कमी नाही नि कुणी जास्त नाही. पण त्याच माणसाला शेजाऱ्यापेक्षा थोडं अधिक हवं असतं, आणि ही हाव सातबारा बदलल्यानं जात नाही. यालाच आम्ही पाप म्हणतो. आधी मन बदललं पाहिजे, पश्चात्ताप झाला पाहिजे. तू म्हणायचास, "मन बदलेपर्यंत पोटानं काय करावं?" मी तुझ्या बारा एकरांवर यायचो. "तूच दे ना मग वाटून. सुरुवात कर." तू तापायचास. "एकट्यानं वाटून काय होते? कायदा बदलला पायजे. अन् तुमच्या मिशनचं कंपाउंड किती एकर हाय, सांग बरं दानिएल?" झालं, पूर्ण नाव आलं.

एका बाबतीत मात्र मी तुला बोलू द्यायचो नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्याकडे एका भाकरीतून आणि एका प्याल्यातून सगळे घेतात. डॉक्टर घेतो, झाडूवाला घेतो. "दाखव मले मारेगावात दुसरी जागा," मी म्हणायचो, "जिथं सारे एका प्याल्याले तोंड लावतात. तुया पार्टी ऑफिसात चहा कोन करते? कप कोन इसळते? थे एकच गयाबाई ना वीस वर्सांपासून?"

"मयन्यातून एकदा," तू म्हणायचास. "एक घोट. बाकी एकोनतीस दिवस काय?"

असं आपलं चाललं असतं मरेपर्यंत, आणि त्याचं मला आज काही वाईट वाटलं नसतं. पण ती वर्षं आली.

त्या वर्षांत आपल्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असायचं. कापसाची पऱ्हाटी बोंडांपर्यंत यायची आणि हातची जायची. मंत्र्यांच्या गाड्या यायच्या, मोठमोठ्या शहरांतून कॅमेरे यायचे, शेतकऱ्याच्या ओसरीवर उभं राहून बोलायचे आणि जायचे. आम्ही चर्चमध्ये दर रविवारी जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या घरांसाठी प्रार्थना करत होतो. तू एक दिवस पेपर माझ्यासमोर आपटलास. "शेतकरी गेला का मोजतात तरी. वेचनाऱ्या बायायले कोन मोजते? तिच्याजवळ गमवाले वावरच नाई, म्हून ते बातमी नाई!" स्वतः शेतकरी असून हे बोलायला छाती लागते. तुझ्या गावातल्या लोकांना ते आवडलं नव्हतं, हेही मला माहीत आहे.

आणि मग जिनिंगमधली ती गोष्ट घडली.

आमच्या चर्चच्या हॉलला लागूनच ते जिनिंग. मधे एक भिंत. हंगामात दिवसभर सरकी काढणाऱ्या यंत्रांची घरघर, आणि वाऱ्यावर रुईचे पुंजके उडत येऊन आमच्या खिडक्यांच्या जाळ्यांना चिकटायचे. तिथं कापूस निवडायला, ओढायला बाया यायच्या, बऱ्याचशा पलीकडच्या पोडावरच्या, त्या कोलाम आदिवासींच्या वस्तीतल्या. अंगावर पिणारं लेकरू घरी ठेवता येत नाही, म्हणून ते सोबत. जंगूबाईची पोरगी आठ महिन्यांची होती. कापसाच्या ढिगाच्या सावलीत फडक्यावर निजवली होती. ढिगाच्या पलीकडून एक ट्रॉली रिकामी केली आणि सगळा ढीग अलीकडे सरकला. यंत्रांच्या आवाजात कुणाला काही कळलं नाही. जंगूबाईनं मान वळवली तेव्हा फडकं नव्हतं, पोरगी नव्हती, पांढरा कापूस होता.

बायांनी हातांनी उपसलं. पोरगी निघाली तेव्हा निळी पडली होती. एका म्हातारीनं तिच्या तोंडात बोट घालून कापसाचा बोळा काढला, पाय धरून उलटी केली, पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठं ती रडली. वाचली. आणि दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या सुपरवायझरनं गेटवर सांगितलं, "उद्यापासून लेकरं आणायची नाहीत." एवढाच उपाय सुचला त्यांना.

बाया गेटसमोर बसल्या. दार असलेली एक खोली द्या आणि लेकरांकडे बघायला एक बाई द्या, एवढं मागणं. तू त्यांच्यासोबत बसलास. लेकरं तिथंच, उन्हात, धुळीत, ट्रकांच्या मधे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तू शाळेत आलास. मधली सुट्टी होती. तू खुर्चीवरही बसला नाहीस.

"दान्या, तुमचा हॉल दे."

"कायले?"

"लेकरांसाठी. दिवसा. बाया गेटवर अन् लेकरं हॉलमंधी, पंख्याखाली. दोन बाया सांभाळतीन. संध्याकाळी झाडून चावी तुले परत. झेंडा नाई लावत, भाषन नाई करत, कागदावर लिहून देतो पायजे तं."

"कमिटीले विचारा लागते."

"इचार ना. तू सेक्रेटरी हायेस." आणि मग तू हसून म्हणालास, "तुया येशू लेकरायले येऊ द्या म्हने ना?"

माझ्याच घरातलं माझ्यावर फेकलंस. मला राग आला, आणि बरंही वाटलं. मी म्हणालो, होऊन जाईल.

झालं नाही. ती सभा मला अजून शब्दन् शब्द आठवते. एकजण म्हणाले, हॉलची टिनं कुणी दिली हे विसरू नका. जिनिंगच्या मालकाच्या वडिलांनी दिली. एकजण म्हणाले, ही देव न मानणारी माणसं, आज लेकरं आणतील, उद्या झेंडा. पाळक तरुण होते, नवे होते, त्यांनी वर बघून "प्रभू मार्ग दाखवील" म्हटलं. आणि एक बाई, चांगली प्रार्थनाशील बाई, म्हणाली, "जाजम खराब होईल हो. त्या पोडावरच्या लेकरांना सवयी नसतात." यावर कुणीच काही बोललं नाही. मी बोललो असतो तर किमान दोघं माझ्या बाजूनं आले असते. मी दोघांची नावंही मनात धरून होतो. पण मी इतिवृत्त लिहीत होतो ना! मान खाली घालून लिहीत राहिलो.

पत्रही मीच लिहिलं. 'आपल्या विनंतीचा मंडळीने प्रार्थनापूर्वक विचार केला. तथापि, हॉल हा केवळ धार्मिक कार्यासाठी असल्याने...' माझ्या वळणदार अक्षरात. शिपायाहाती पाठवता आलं असतं, पण तेवढी लाज होती, म्हणून स्वतः घेऊन आलो. गेटपासून वीस पावलांवर, रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो आणि तुला खूण करून बोलावलं. तू उठून आलास. उभ्या उभ्या वाचलंस. घडी घातलीस, शर्टाच्या खिशात ठेवलीस.

"अक्षर चांगलं हाय तुयं," एवढंच म्हणालास, आणि परत जाऊन बायांत बसलास.

वसंता, त्या आठवड्यात हॉल पूर्ण रिकामा होता. संध्याकाळी तासभर गायनाची तालीम, बस्स. मी रोज शाळेतून येताना खिडकीतून आत बघत होतो. पंखे बंद. जाजम गुंडाळलेलं. आम्ही कशाचं रक्षण करत होतो?

लेकरं तू आपल्या घरी नेलीस. गेटापासून तुझ्या घरापर्यंत हातगाडीवर बसवून नेलीस म्हणे, आणि ओसरीवर अकरा लेकरं. हे वहिनींना विचारलं होतंस का? नव्हतं. मला माहीत आहे, कारण त्या मला स्वतः बोलल्या. मी पाहायला आलो होतो, तू गेटवर होतास. वहिनी एकाचं नाक पुसत होत्या, एकाला कडेवर घेतलं होतं, पदराला दोघं लोंबत होती. जगातली सगळी समता त्या एकट्या बाईच्या अंगावर टाकून तू क्रांती करायला गेला होतास. "भाऊ, तुमच्या मित्राले सांगा," त्या म्हणाल्या, "आनाच्या आंधी एक सबद तं इचाराचा." तरी त्यांनी एकोणीस दिवस ती लेकरं सांभाळली. आणि त्याच ओसरीच्या कोपऱ्यात मी पाहिलं: जर्मनचे, हलक्या अॅल्युमिनियमचे अकरा पेले, वेगळे ठेवलेले. लेकरांचे. घरातल्या स्टीलच्या भांड्यांना ते लागू नयेत म्हणून वेगळ्या बादलीत धुतले जात होते. तुझी आई खाटेवरून लक्ष ठेवून होती.

मी ते पाहून निघालो. जपून ठेवलं.

एकोणीस दिवसांनी जिनिंगवाल्यांनी टिनाचं एक छप्पर टाकून दिलं. भिंती नाहीत, दार नाही. बाया कामावर गेल्या, जंगूबाईला आणि आणखी एकीला मात्र परत घेतलं नाही. तू हरल्यासारखा आणि जिंकल्यासारखा, दोन्ही दिसत होतास. बसस्टँडवर चहाच्या टपरीपाशी भेटलास, तुझे दोन कामरेड सोबत. मी अभिनंदन करायला पुढे झालो, आणि तू त्यांच्याकडं बघून म्हणालास, "हे आमचे दानिएल गुरुजी. प्रार्थनापूर्वक विचार करतात."

ते हसले. आणि माझं सुटलं.

"अन् तू रे? गेटवर समता, अन् घरी जर्मनची येगळी भांडी? आपल्या ओसरीवर पाहा कधी, काय धुतल्या जाते कोनत्या बादलीत? आमी मयन्यातून एकदा तरी एका प्याल्यानं पितो!"

तुझा चेहरा कुणी मुस्काटात मारल्यासारखा झाला होता. तुला माहीतच नव्हतं. खरंच माहीत नव्हतं, कारण घरात भांडी कोण धुतं, कशी धुतं, हे तू कधी पाहिलंच नव्हतंस. मला तेव्हा वाटलं, बरं झालं. खोटं कशाला सांगू? फार बरं वाटलं मला.

त्यानंतर दीड वर्ष आपण बोललो नाही. माझ्या मुलीच्या लग्नालाही तू आला नाहीस, वहिनींना पाठवलंस.

मग एका सकाळी आलास. न सांगता बाजेवर बसलास, पूर्वीसारखा. "चहा सांग," म्हणालास. आणि चहा येईपर्यंत सांगितलंस. त्या दिवशी बसस्टँडवरून तू घरी गेला होतास, आणि त्या अकरा पेल्यांतला एक उचलून वहिनींना म्हणाला होतास, माझा चहा यातच दे. आजही, उद्याही. घरातले बाकीचे पेले याच्यासोबत धुवायचे. आई म्हणाली, असं करशील तर मी या घरचं पाणी पिणार नाही. तू म्हणालास, माय, नको पिऊ. तिसऱ्या दिवशी ती तुझ्या मोठ्या भावाकडे नेरला निघून गेली.

"पंधरा दिवसानं एकदा जातो भेटाले," तू म्हणालास. "जेवू घालते. जवळ बसवते. पन दान्या, पानी मले आता जर्मनच्या गिलासात देते. मले, आपल्या पोटच्या पोराले."

हे सांगताना तू हसत होतास. पण मग तोंडावर टॉवेल धरलास आणि बराच वेळ काढला नाहीस.

मी काय बोलावं, वसंता? मी आयुष्यभर रविवारच्या शाळेत पश्चात्ताप म्हणजे काय ते शिकवत आलो. वळणं, आपल्या वाटेवरून मागं फिरणं, आणि त्याची किंमत देणं. तो मी माझ्या मंडळीत फार क्वचित पाहिला. आणि पाहिला तो असा, देव न मानणाऱ्या माणसात, माझ्या बाजेवर. मी रागाच्या भरात टोचायला म्हणून एक वाक्य बोललो, आणि तू ते घरी नेऊन आपलं घर त्यावर मोडून घेतलंस. आई गेली तुझी. ती नेरलाच वारली. तू चाळीस वर्षं मला खरं सांगत आलास. मी काय मोडलं?

मला एवढंच सुचलं तेव्हा, "प्रभू तुले आशीर्वाद देवो."

"आशीर्वाद नोको देऊ," तू म्हणालास. "हॉल दे."

तेव्हाही मी म्हणालो, बघतो.

आणि हॉल मिळाला, हे तुला माहीत आहेच. पुढच्याच्या पुढच्या हंगामात कापूस येणं कमी झालं, लोक सोयाबीनकडे वळले, जिनिंगला कुलूप लागलं. मालक नागपूरला निघून गेले. मग मी कमिटीत विषय काढला, आणि एकमतानं ठराव झाला की गरजू श्रमिक भगिनींच्या बालकांसाठी दिवसा हॉल वापरू द्यावा. एकमतानं! त्या प्रार्थनाशील बाईंनी अनुमोदन दिलं. आता कुणाचीच अडचण नव्हती, कारण आता कुणी येणारच नव्हतं. मी ठरावाची नक्कल घेऊन तुझ्याकडे आलो, लहान पोरासारखा. तू चष्मा लावून वाचलंस.

"कोनासाठी हाय हे?" तू विचारलंस.

तेवढंच. टोमणा नव्हता त्यात. तुला खरंच विचारायचं होतं.

आता शोकसभेचं. माझी दोन मिनिटं वाया गेली, त्याचं एक कारण तिथं दुसऱ्या रांगेत बसलं होतं. जंगूबाई. शेजारी तिची पोरगी, आता पहिलीत आहे, निळ्या रिबिनी लावून. सभा संपल्यावर मी घाईनं निघालो होतो, तर जंगूबाई आडवी आली. मला वाटलं, सांगून टाकावं. तुझ्या फोटोसमोर तरी. मी म्हणालो, "बाई, त्या वेळी हॉल नाही म्हणून जे पत्र आलं होतं ना, ते मी लिहिलं होतं."

तिला लिहिता-वाचता येत नाही. मला वाटलं, तिला पत्राचं काही माहीत नसेल. तिनं मला नीट पाहिलं.

"भाऊनं आमाले सांगतलं व्हतं का हॉलचं काम सुरू हाय, फरशी उखडली म्हून," ती म्हणाली.

तू असं सांगितलं होतंस? मला झाकायला? ती घडी घातलेली चिठ्ठी खिशात ठेवून, तू त्या बायांत जाऊन बसलास आणि माझ्यासाठी खोटं बोललास?

"पन आमाले तवाच समजलं," जंगूबाई म्हणाली. "रोज सांजच्याले आतमंधी पेटी वाजे, गानं चाले. उखडल्या फरशीवर कोन गाते? भाऊले खोटं बोलता नाई ये. आमी काई म्हनलं नाई." आणि मग ती थांबली, आणि अगदी सरळ विचारलं, "हॉल तं मंडळीचा व्हता, गुरुजी. नाई देल्ला तं नाई देल्ला. पन तुमी काहून नाई आले? घडीभर बसाले? रोज त्याच रस्त्यानं जात व्हते."

घड्याळ पाहिलं. घड्याळ पाहिलं मी, वसंता.

दोन दिवस तो प्रश्न घरात फिरतोय. मालकाला मी भीत नव्हतो, माझी नोकरी मिशनची. कमिटीलाही फारसं भीत नव्हतो. मग का नाही आलो? त्याचं उत्तर तुला अर्धं तरी माहीत असणार, कारण ती एक गोष्ट आपण दोघांनीही कधी काढली नाही. माझी आजी तुझ्या आजोबांच्या वावरात वेचणीला होती. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन ती तुमच्या अंगणाच्या बाहेर उभी राहायची, भाकरी वरून पडायची ओंजळीत. ती मिशनमध्ये आली, बाप शिकला, मी मास्तर झालो. खुर्चीवर बसायला आम्हाला तीन पिढ्या लागल्या. तू त्या बायांत धुळीत बसलास तर लोक म्हणणार, बघा, पाटलाचा पोरगा असून जमिनीवर बसला. मी बसलो असतो तर कुणी काही म्हणालं नसतं. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं असतं. ह्याची जागा तीच, असं. तुला जमिनीवर बसणं सोपं होतं वसंता, तुझी बारा एकर जमीन होती. तुझ्या कुठल्याच पुस्तकात मला हे सापडलं नाही. चाळीस वर्षं मी पापावर बोललो, हे बोलायला हवं होतं. तू समजला असतास. किंवा नसतास, पण मग आपण निदान खऱ्या मुद्द्यावर भांडलो असतो.

आज सकाळी मी पोडावर गेलो. मारेगावापासून चार किलोमीटर, चालत. जंगूबाई दारात वाळक्या पऱ्हाट्या मोडून चुलीसाठी मोळी बांधत होती. खाट पुढं ओढायला उठली. मी नको म्हटलं, अंगणातच बसलो, आणि तिला सगळं सांगितलं. आजीचं, खुर्चीचं, भीतीचं. पत्रातल्यासारखं नाही, आपल्या बोलीत, जसं आलं तसं.

तिनं ऐकलं. हातातली काडी मोडायची थांबली नाही.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. "आमी तं समजलो का तुमाले आमचा इटाळ हाय."

"नाही, नाही बाई," मी घाईनं म्हणालो. "तसं नव्हतं. ते वेगळं."

"येगळं व्हय?" तिनं विचारलं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

तिनं काळा चहा दिला, मी प्यालो, उठलो. परतीच्या सगळ्या वाटेवर, दोन्ही बाजूंच्या सोयाबीनमधून, मी ते वेगळं कसं होतं हे स्वतःला समजावत होतो. शाळेत चाळीस वर्षं पोरांना फरक स्पष्ट करायला लावले मी. मारेगाव आलं, जिनिंगचं गंजलेलं गेट आलं, घर आलं.

फरक सापडला नाही, वसंता.